आधी ओटी गेला, मग नोकरी

२०१९च्या मंदीची बातमी टीव्हीवर ऑगस्टात आली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एमआयडीसीत ती उन्हाळ्यातच येऊन बसली होती. मी तेव्हा गाड्यांच्या सुट्या भागांचं मशिनिंग करणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कारखान्याला माल पुरवणाऱ्या कंपनीत, सीएनसी सेटर (संगणकावर चालणाऱ्या मशिनला काम लावून देणारा) होतो. आमच्याकडं माणूस एकदम कामावरून निघत नाही. आधी ओटी म्हणजे ओव्हरटाइम बंद होतो, मग थर्ड शिफ्ट. मग ठेकेदाराची पोरं गेटवरूनच परत जायला लागतात. मग आठवड्यातून एखादा दिवस ‘नो प्रॉडक्शन’ची पाटी लागते आणि सगळ्यात शेवटी पर्मनंटवाल्यांना एचआरचं बोलावणं येतं. हा क्रम ओळखीचा असला की कागद गोळा करायला थोडी सवड मिळते. मी ओटी बंद झाल्यापासूनच पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि हजेरी कार्डाचे फोटो एका फाइलीत लावायला सुरुवात केली होती. सोबतची पोरं हसायची.

ओटी म्हणजे वरकमाई असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यानं ओटीला दुप्पट दर असायचा, त्यामुळे आमची घरं त्याच्यावरच चालायची. माझा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून ११,७०० रुपये. भत्ते धरून साडेतेरा हजार, ओटी धरून सतरा हजारांच्या आसपास. रांजणगावातल्या खोलीचं भाडं आणि किराणा पगारातून. गाडीचा हप्ता, पोरीची फी आणि गावाकडं पाठवायचे पैसे ओटीतून. म्हणजे ओटी थांबल्यावर नोकरी शाबूत असतानाच निम्मं घर अडलेलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. कारण लोक म्हणणार, अरे तुला पगार तर चालू आहे ना?

मंदी का आली हे आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं. सप्टेंबर २०१८मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीनं कर्ज थकवल्याचं प्रकरण फुटलं आणि बिगरबँक वित्त कंपन्यांनी कर्ज देताना हात आखडता घेतला. खेड्यात दुचाकी विकली जाते ती बहुतेक याच कर्जावर. त्याच महिन्यापासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं सक्तीचं झालं, म्हणजे शोरूममधली किंमत अजून वाढली. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं नवं मानक लागू होणार होतं, त्याची वाट बघत काही गिऱ्हाईक थांबलं. आणि आपल्याकडं वरून २०१८चा दुष्काळ. २०१९च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यावर होतं. ज्याच्या दारात पाण्याचा टँकर येतो, तो नवी गाडी दारात कशाला आणील? त्या ऑगस्टात देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षापेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली होती. २० सप्टेंबरला केंद्रानं कंपनी कर २२ टक्क्यांवर आणला. कंपन्यांना तो लाभला असेल, पण आमच्या लाइनवर एक ट्रॉलीही जास्तीची आली नाही.

१९८५ला वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागं शेकडो लहानमोठे व्हेंडर उभे राहिले. त्या व्हेंडरांच्या मागं बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरीतल्या खोल्या, खोल्यांच्या मागं मेस, मेसच्या मागं भाजीवाले. वरचा नट ढिला झाला की खालचे सगळे हलतात. आमच्या गल्लीतली मेस दिवाळीआधीच बंद झाली, कारण डबा खाणारी बीड-परभणीची पोरं गावाकडं निघून गेली होती.

आमचं बोलावणं दिवाळी झाल्यावर आलं, ऑक्टोबर संपता संपता. केबिनमध्ये राजीनामा टाइप करून ठेवलेला, फक्त सही करायची. “लिहून दिलंत तर हिशोब आठ दिवसांत करतो. नाहीतर वेळ लागेल,” साहेब म्हणाले. आवाज मऊ होता, त्यांच्या वरूनही आदेश असणारच.

गल्लीत एका जुन्या कारखान्याचे निवृत्त टाइमकीपर राहायचे, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. त्यांनी आधीच बजावलं होतं, “राजीनामा देऊ नको बाबा. काढलं म्हणून त्यांच्याकडून लिहून घे. एकदा राजीनाम्यावर सही केली की नंतर काहीच भांडता येत नाही.” मी साहेबांना तेवढंच म्हणालो, “सर, काम नाही म्हणून कमी करतोय असं पत्र द्या, मी आत्ता पोच देतो.” तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागायचा. राजीनाम्यात यातलं काही येत नाही. पत्र मिळायला बरीच ओढाताण झाली, पण मिळालं. सोबतच्या बहुतेकांनी राजीनामे दिले. त्यांना मी नावं ठेवत नाही. ज्याच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे, त्याला आठ दिवसांत येणारा पैसा दिसतो.

आता पैसे तीन ठिकाणाहून यायचे होते: फंड (पीएफ), ईएसआयसी (कामगार राज्य विमा) आणि ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांवर कंपनी देते ती रक्कम). तिन्हींचे नियम वेगळे, घड्याळं वेगळी, आणि पगार मोजायची पद्धतसुद्धा वेगळी.

फंडाचं आधी. तेव्हाचा नियम असा होता की बेकारीला एक महिना झाला की ७५ टक्के काढता येतात, दोन महिन्यांनी बाकीचे. पण फंडाच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख पडलेली नसेल तर अंतिम दावा पुढंच सरकत नाही, आणि ती तारीख टाकायचं काम कंपनीचं. आमच्या कंपनीनं ती टाकलीच नव्हती. फोन केला की ‘सिस्टीम चालू नाही’, गेलं की ‘मॅडम रजेवर’. जानेवारी २०२०मध्ये फंड सांभाळणाऱ्या ईपीएफओनं ही तारीख सभासदाला स्वतः टाकायची सोय दिली. अट एवढीच की शेवटच्या वर्गणीला दोन महिने झालेले हवेत आणि आधारला मोबाइल जोडलेला हवा. ओटीपी आला, तारीख पडली. मग नावाचं निघालं. फंडात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं. त्याच्या दुरुस्तीला परत कंपनीची सही. कंपनीशी भांडून बाहेर पडला असाल तरी तिच्या दारात जावं लागायचं, म्हणून वॉचमनपासून टाइम ऑफिसपर्यंत कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. पत्र मागायचं ते ठामपणे, पण रामराम चालू ठेवायचा.

माझी पाच वर्षांहून जास्त सेवा झालेली असल्यानं फंडावर टीडीएस (आयकर) कापला नाही. पेन्शनच्या भागाला मी हात लावला नाही. तो फॉर्म १०-सीनं काढता येत होता आणि बायको म्हणतही होती की काढा. पण दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो, आणि पुढच्या नोकरीतली वर्षं त्यात धरली जातात. सात झाली होती. ते पैसे तेव्हा काढले असते तर दोन महिन्यांच्या किराण्यात गेले असते.

ईएसआयसीचं बहुतेकांना माहीतच नव्हतं. कार्ड म्हणजे दवाखाना, एवढीच समजूत. १ जुलै २०१८पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. विमा दोन वर्षांचा हवा आणि ठरावीक वर्गणी काळात (हे सहा-सहा महिन्यांचे असतात) किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. शिक्षा म्हणून काढलेल्याला, निवृत्ताला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला ते मिळत नाही. माझ्या फाइलीतलं पत्र इथं कामाला आलं. राजीनामा दिलेल्यांना ‘तुम्ही स्वतःच सोडली ना’ या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागलं.

तेव्हा दावा बेकारीला तीन महिने झाल्यावर करता यायचा. एबी-१ फॉर्म ऑनलाइन भरायचा, छापायचा, शेवटच्या मालकाकडून पुढं पाठवून घ्यायचा. सोबत वीस रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. वीसचा स्टॅम्प कुठं मिळतो? शंभरचा घेतला आणि नोटरी करून आणली. (ही प्रतिज्ञापत्राची अट पुढं २०२०मध्ये काढून टाकली, पण शंभर रुपये गेले ते गेलेच.)

यातली एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. फंड आणि ग्रॅच्युइटी मोजताना ओटी धरत नाहीत. ईएसआयसीची वर्गणी मात्र तेव्हा ओटीवरही कापली जायची, त्यामुळे भत्ता काढताना ती कमाई धरली जायची. शिवाय सरासरी चार वर्गणी काळांची म्हणजे दोन वर्षांची काढायचे, आणि त्यात ओटी जोरात होता ते दिवसही आले. माझा रोज ५६० रुपये धरला तर दिवसाला १४०, नव्वद दिवसांचे १२,६०० होतात. साधारण तेवढेच खात्यात आले. फार नाहीत, पण ज्या ओटीवर घर उभं होतं त्याची दखल या एकाच ठिकाणी घेतली गेली.

दुसरी गोष्ट औषधांची. आईला शुगर आहे. नोकरी गेली म्हणजे ईएसआयसीचं औषध बंद, असं आम्ही धरून चाललो होतो. पण एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतो. कार्ड घेऊन गेलो, गोळ्या मिळाल्या. बाहेर घ्यायच्या असत्या तर डाळ नाहीतर गोळ्या, यातलं एकच आलं असतं.

मधल्या महिन्यांत घर कसं चाललं, ते बायकोला विचारायला पाहिजे. डिसेंबरात कांदा शंभरच्या वर गेला, तर तिनं कांद्याशिवाय भाजी करायला सुरुवात केली आणि पोरीला सांगितलं की मार्गशीर्ष आहे. पोरीनं मार्गशीर्ष संपल्यावर विचारलंच. किराणावाल्यानं वही बंद केली नाही, पण तेलाची पिशवी मागितली की अर्धा लिटरच काढून द्यायचा. गाडी विकायची नाही हे मी ठरवलं होतं, कारण गाडीशिवाय शेंद्र्याच्या एमआयडीसीत काम शोधायला जाता येत नाही. हप्ता एकदा चुकला आणि वसुलीवाल्याचे फोन दुपारच्या झोपेच्या वेळी यायला लागले.

खोलीमालक रांजणगावचाच, जमीन विकून खोल्या बांधलेला. भाड्यासाठी त्याच्याकडं गेलो तर तोच म्हणाला, “निम्म्या खोल्या रिकाम्या पडल्यात भाऊ. तुम्ही नका जाऊ. पाचशे कमी द्या, पण राहा.” मंदीत ज्याच्या दाराला कुलूप पडायची वेळ आलेली असते त्याच्याकडं घासाघीस करता येते, हे मी तिथं शिकलो. शाळेनंही फी तीन हप्त्यांत घ्यायचं कबूल केलं. अर्ज लेखी दिला म्हणून. तोंडी सांगणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

गावाकडं परत जाऊन शेतीला हात लावावा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात. ऑक्टोबरच्या शेवटी पावसानं झोडपलं, तेव्हा वडिलांचा फोन आला, “सोयाबीनच्या गंजीला कोंब फुटले बाबा.” राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत, जाहीर केले. काढणीची मजुरी तरी त्यातून निघेल का, हाच प्रश्न. त्या वर्षी वडील आमच्या पैशांची वाट बघत होते आणि आम्ही त्यांच्या धान्याची. शेवटी ज्वारीचं एक पोतं आलं आणि आम्ही गव्हाची पोळी सणापुरती ठेवली. आईची शुगरही थोडी ताब्यात आली, ते एक बरं.

ग्रॅच्युइटी सगळ्यात शेवटी आली. पाच वर्षं सलग झालेल्याला ती मिळते. शेवटच्या बेसिक-डीएला सव्वीसनं भागायचं, पंधरानं आणि वर्षांनी गुणायचं. माझे ४७,२५० होत होते. कंपनीनं आधी कमी आकडा काढला, कारण त्यांनी डीए वगळला होता. मी स्लिपा काढल्या, फॉर्म आय लेखी दिला, पोच घेतली. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. ती उलटून बरेच आठवडे गेले, तेव्हा काकांनी सांगितल्याप्रमाणे नियंत्रक प्राधिकाऱ्याकडं (ग्रॅच्युइटीच्या तक्रारी ऐकणारा सरकारी अधिकारी) अर्ज करतोय असं पत्र दिलं. अर्ज करायची वेळ आली नाही, चेक आला. निम्मा किराणावाल्याकडं आणि हप्त्यात गेला, बाकी बायकोनं पोस्टात टाकला आणि पासबुक स्वतःकडं ठेवलं.

मार्चमध्ये मला एका औषध कंपनीत पॅकिंग लाइनवर काम मिळालं, ठेकेदाराकडून, आधीपेक्षा कमी पगारावर. सेटरचं हातातलं काम वाया गेलं याचं वाईट वाटत होतं. मग लॉकडाउन लागलं आणि औषधं अत्यावश्यक म्हणून आमचा गेट चालू राहिला. जुन्या कंपनीत टिकलेल्या माणसांच्या नोकऱ्या त्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्यासाठी सरकारनं ईएसआयसीच्या त्या अटल योजनेचा भत्ता ५० टक्के केला आणि दावा तीस दिवसांनी, थेट शाखा कार्यालयात करता येईल असं केलं. त्यांचे फॉर्म आमच्याच खोलीत भरले गेले.

आता नियम बरेच बदललेत. ऑक्टोबर २०२५मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळानं बेकारीत ७५ टक्के लगेच आणि पूर्ण रक्कम बारा महिन्यांनी, असं मंजूर केलं. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रमसंहिता आल्या आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. तेव्हा माझे आकडे जसेच्या तसे धरू नका, चालू नियम बघून घ्या. परवा गल्लीतला एक पोरगा आला होता. त्याला काढलंय, पत्र आहे, पण फंडात तारीख नाही आणि आधारला जोडलेला नंबर बंद पडलाय. त्याला म्हटलं, कंपनीच्या मागं नंतर लाग, आधी नंबर जोडून घे. उद्या सकाळी तो आधार केंद्राच्या रांगेत उभा राहणार आहे.