नऊ सेंटिमीटरची पट्टी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं आणि आठवल्या त्या फक्त शिवणाच्या बाई. बाकी गुरुजनांनी रागावू नये.

कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर गुलाब भरणं बाईंना मंजूर नव्हतं. "खिसे नव्हते तेव्हा पैसे कुठे ठेवत?" असं विचारून त्या एकेक वस्तू शिवून घेत. पानसुपारीची कप्प्यांची चंची, औषधांचा बटवा, बाजाराला जाताना कमरेला बांधायचा कसा. कनवट, म्हणजे धोतराची कमरेला खोचलेली घडी, आणि पदराची गाठ तेवढी न शिवता दाखवत.

कसा म्हणजे लांब, अरुंद नळी. चांदीचा रुपया ३०.५ मिलिमीटरचा, म्हणून शिवल्यावर रुंदी साडेतीन सेंटिमीटर. दुमडायचं म्हणून सात, दोन्हीकडे शिवणीला एकेक, पट्टी नऊची. मांजरपाट आधी भिजवून वाळवायचा, नाहीतर नंतर आटतो. असे शंभर रुपये १ किलो १६६ ग्रॅम भरतात, तिथे साधा पुढे पळणारा धावदोरा तगत नाही, दर टाक्याला मागे येणारी हातटीपच हवी.

एकाची टीप मध्येच आत सरकली. बाईंनी घरून आणलेला रुपया वीतभर गेला आणि थांबला. "बाई, रुपया अटकी गया!" वर्ग खिदळला. बाईंनी अंगठ्याने नाण्याची कड चाचपली, तेवढ्याच जागचे सहा टाके उसवले, रुपया काढला आणि त्याच्या हातात पेन्सिल-पट्टी दिली. आधी रेघ, मग सुई.

चंचीच्या झडपेवर तांड्यावरच्या बंजारा बायका बसवतात तशी भिंगं, म्हणजे छोटे आरसे, असत. भिंगावर दोन उभे, दोन आडवे दोरे ताणायचे, मग त्यांना धरून भोवती काज-टाका. काज-टाका त्या दोऱ्यांना बाहेर ओढतो, म्हणून ते कडेपासून बरेच आत घ्यायचे. कडेला घेतले की घसरतात, सैल राहिले की भिंग खुळखुळून पडतं. दोरा हातभरच, त्याच्या सहा पदरांपैकी दोनच. हल्ली चिकटवायची भिंगं मिळतात. पहिल्या धुण्यातच निघतात, पण शाळांना तीच सोयीची वाटतात.

जळगावला शनिवारी माझ्याकडे बारा मुलं शिकायला येतात. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणून तयार रुंदी तीन आणि पट्टी आठची. रेघ मारायला सांगूनही दर खेपेला एखादं नाणं अडकतंच.