पायलट जेट आणि आयडलचा स्क्रू

पावसाळ्यानंतर माझी शंभर सीसीची मोटारसायकल सिग्नलवर थांबताच बंद पडू लागली, म्हणून कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडला. पायलट जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल पुरवणारी बारीक छिद्राची पितळी नळी, उजेडासमोर धरले, तर सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात हिरवट थर बसलेला दिसला. तारेने खरवडल्यास पितळेचे छिद्र मोठे होते आणि मिश्रणात पेट्रोल वाढते. त्यामुळे त्याच क्रमांकाचे नवे जेट, खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर वापरून, हलक्या हाताने घट्ट केले.

इंजिन पूर्ण तापल्यावर मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, इंजिन सर्वांत वेगाने व एकसारखे चालेल ती जागा कानाने शोधली (हे काम मला मनापासून आवडते) आणि मग आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता इंजिनाचा वेग, मिनिटाला सुमारे १४०० फेऱ्यांवर आणले. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले; ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाऊन आवाज चढला नाही.