बुटाला नाल

आमच्या गावात सायकल चालवण्यापेक्षा सायकलवरून उतरण्याचंच काम जास्त. घरापासून शाळा पाच किलोमीटर, आणि तेवढ्यात किमान चार वेळा पाय टेकवावा लागतो. पारावर बसलेल्या आबाजींनी हाक मारली की सीटवर बसूनच "हो हो, येतो" म्हणत सटकता येत नाही. त्यांच्या तरुणपणी वडीलधाऱ्यांपुढून सायकलवर बसून जाणं म्हणजे बेअदबी होती. उतरायचं, सायकल हातात धरून पार ओलांडायचा आणि मग पुढं जाऊन टांग मारायची. आता एवढं कोणी पाळत नाही. पण हाक आली की उतरावंच लागतं, आणि उतरलं की कापसाच्या भावापासून पोराच्या दहावीपर्यंत सगळं बोलावं लागतं.

असल्या माणसानं पाय पेडलला अडकवून ठेवणारे बूट घ्यावेत की नाही, हा साधा प्रश्न मला दोन महिने पुरला.

निमित्त झालं दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेचं, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचं. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, असा तिचा हिशोब. अमरावतीचा एक मित्र म्हणाला, "सर, क्लिपलेस घ्या, पाय घसरत नाही." मी विचारलं, क्लिपलेस म्हणजे बिनक्लिपचं ना? मग पाय अडकतो कशाला? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलाच प्रकार वाटला. नंतर उलगडा झाला. पूर्वी पेडलवर पिंजऱ्यासारखी पट्टी असे, वर चामड्याचा पट्टा. त्या पिंजऱ्याचं नाव टो क्लिप. तो पिंजरा गेला म्हणून हे क्लिपलेस. आता बुटाच्या तळाला धातूची किंवा प्लास्टिकची एक पट्टी असते, क्लीट म्हणतात तिला. ती पेडलमधल्या खटक्यात बसते, आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते.

ही टाच वळवून सुटायची युक्ती बर्फावरून आली, हे वाचून मजा वाटली. लूक नावाची फ्रेंच कंपनी बर्फावर घसरायच्या स्कीला बूट अडकवायचे खटके करायची. तोच खटका तिनं १९८४ साली पेडलवर आणला. पुढच्याच वर्षी बर्नार इनो हीच पेडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकला, आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. त्याआधी १९७१ साली इटलीच्या चिनेल्लीनं असलंच एक पेडल काढलं होतं, पण त्यातून पाय सोडवायला खाली वाकून हातानं खिटी सरकवावी लागे. आमच्या पारापुढून ते पेडल चाललं असतं का, याचा विचार करून मी बराच वेळ एकटाच हसत होतो.

दुकानात गेल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. तीन स्क्रूची मोठी क्लीट घ्यायची की दोन स्क्रूची लहान? तीन स्क्रूची शर्यतवाल्यांची. पसरट असते, पायाचा दाब छान पसरतो, तळवा दुखत नाही. पण ती बुटाच्या तळाबाहेर आलेली असते. चालायला लागलं की माणूस फरशीवर बदकासारखा डुलतो. दोन स्क्रूची शिमानोनं १९९० साली डोंगरात चालवणाऱ्यांसाठी काढली, एसपीडी. ती बुटाच्या रबरी तळाच्या खाचेत लपते, म्हणून चारचौघांसारखं चालता येतं, आणि पेडलला दोन्ही बाजूंनी खटका असल्यामुळे कुठली बाजू वर आहे हे खाली पाहावं लागत नाही.

दुकानदार मला तीन स्क्रूवाली दाखवत होता. म्हणाला, चढावर पेडल वर खेचायला ताकद मिळते. आता दर्यापूरच्या खारपाण पट्ट्यात चढ कुठला? नाल्यावरच्या पुलाचा चढ हाच आमचा घाट. चिखलदरा गाठायचा तर आधी परतवाड्यापर्यंत सपाटीच तुडवावी लागते. शिवाय निवांत चालवताना खरं काम खालच्या दाबाचंच असतं. वर खेचण्याचं कौतुक जरा जास्तच होतं, असं माझं मत. मला पाहिजे होतं उतरणं. दोन स्क्रूवाली घेतली.

बूट मात्र संध्याकाळी घेतले. दिवसभर उभं राहून शिकवलं की पाय थोडे फुगतात, आणि सायकलवर तीन तासांनंतरही फुगतातच. सकाळी मापात बसलेला बूट दुपारी चावतो.

पेडलं घरीच बसवली, पंधरा नंबरच्या पान्यानं. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे माहीत असूनही अर्धा तास त्याच्याशी झोंबलो. क्लीट बसवताना मोठा मुलगा शेजारी बसला होता. अंगठ्यामागचा उंचवटा बुटावर पेनानं खुणावला आणि त्याच्या किंचित मागं क्लीट लावली. तिरकी लागली तर भोगतो गुडघा. थोडं इकडं-तिकडं वळायला जागा असते, पण ती चार अंशांच्या आसपास. तेवढ्यावर सगळा भरवसा ठेवता येत नाही. शिकाऊंसाठी वेगळी क्लीटही मिळते, पाय तिरका ओढला तरी सुटणारी. मित्रानं तीच घ्यायला सांगितली होती. मला कमीपणा वाटला. खटक्याचा स्क्रू ढिला करायलाही सांगितलं होतं. तेही राहिलं.

व्हायचं तेच झालं, आणि व्हायचं तिथंच झालं. आबाजींनी हाक मारली, "काऊन गुर्जी, आज लयच घाईत?" मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, डावा पाय टेकवायला गेलो. पाय आलाच नाही. टाच वळवायची हे डोक्याला माहीत होतं, पण पायाला तीस वर्षांची सवय सरळ उचलायची. क्षणभर मी आणि सायकल दोघंही उभे होतो. मग सावकाश, घाई न करता, सायकलसकट पाराच्या पायरीशी आडवा झालो.

"लागलं तं नाही न?" म्हणत दोघं-तिघं धावले. कोपर सोललं होतं. एक पाय अजून पेडलमध्येच, त्यामुळं उठताही येईना. आबाजींनी जवळ येऊन बुटाचा तळ निरखला, क्लीटवरून बोट फिरवलं.

"अरे, हे तं नाल हाय न!"

"नाल नाही आबाजी, क्लीट."

"नालच. पण बैलाले नाल ठोकतात थे चालासाठी. तुले कायले ठोकली, पडासाठी?"

त्यांना बैलांचं सगळं ठाऊक. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन नाली, एका बैलाला आठ. ठोकताना त्याला दोरानं बांधून आडवं पाडावं लागतं. "तुले तं पाडासाठी माणूसही नाही लागला," ते म्हणाले, आणि पारावर जो हशा पिकला तो आठवडाभर टिकला.

त्या रात्री स्क्रू ढिला केला. दुसऱ्या महिन्यात निमूटपणे ती शिकाऊंची क्लीटही मागवली. आता पार दिसायला लागला की पन्नास पावलं आधीच उजवा पाय सोडवून ठेवतो. हाक आली तर आली.

पण काळ्या मातीचा विचार मी केला नव्हता. जुलैत एकदा पांदणीतून शेताकडं गेलो. दोन दिवसांची झड नुकतीच उघडली होती. चार पावलं चाललो आणि बूट एकेक किलोचे झाले. क्लीटच्या खाचेत माती अशी काही ठासून बसली की तळाला खाच होती हेच कळेना. धुऱ्यावर डवऱ्याचे बैल सोडून एक शेजारी उभा होता. त्यानं तुतारी, म्हणजे बैल हाकायची आर लावलेली काठी, पुढं केली. तिच्या आरीनं मी बराच वेळ क्लीट टोकरली. बैल बघत होते. चिखल निघाला, खाली पाय ठेवला, पुन्हा भरला.

मग तसाच निघालो. पेडलवर बूट दाबला तरी खटका काही वाजला नाही, घरापर्यंत एकदाही नाही. पारापाशी आबाजींनी हाक मारली, तेव्हा झटकन उतरलो.