चिमटा आणि अस्तर

एम. फार्म.ला असताना मी जवळजवळ दोन आठवडे एका कड्याशी झगडत होते. कडं म्हणजे उंदराच्या महाधमनीचा 3-4 मिलिमीटरचा तुकडा. तो दोन तारांत अडकवून 37 अंशांच्या क्रेब्स द्रावणात, म्हणजे रक्तासारखे क्षार असलेल्या पाण्यात, टांगायचा. फिनाइलएफ्रिन हे औषध घातलं की कडं आवळतं, ताण नोंदवणाऱ्या यंत्राच्या कागदावरची रेघ वर चढते. मग ॲसिटिलकोलीन, शरीरातलंच एक निरोप्या रसायन, घालायचं, की कडं सैलावून ती खाली यायला हवी. माझी रेघ ढिम्म.

द्रावण नव्याने केलं, औषधाची बाटली बदलली. शेवटी मॅडमनी विचारलं, "साफ करताना चिमटा आत घातला होतास का गं?"

घातला होता. रक्ताची गुठळी राहू नये म्हणून चांगला निगुतीने फिरवलाही होता!

त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध टाकायला लावलं आणि कडं बघता बघता सैलावलं. म्हणजे स्नायू ठणठणीत होता. माझ्या टापटिपीत गेलं होतं ते आतलं अस्तर, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं.

ॲसिटिलकोलीनचा निरोप जातो तो या अस्तराला. तिथल्या पेशींत कॅल्शियम वाढतं, एक एन्झाइम आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो. पण शेजारच्या स्नायूपेशीत शिरून सायक्लिक जीएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढवायला तेवढे पुरतात, आणि स्नायू ढिला पडतो. जिवंत शरीरात तर वाहत्या रक्ताच्या नुसत्या घासण्यानेही अस्तर हे काम करत राहतं. नायट्रोप्रुसाइड नायट्रिक ऑक्साइड स्वतःबरोबरच आणतं, त्याला मध्यस्थ लागत नाही. छातीत कळ आल्यावर जिभेखाली धरायची नायट्रोग्लिसरीनची गोळीही शेवटी हाच वायू देते.

माझी चूक निदान खानदानी होती. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांच्याही सशाच्या धमनीच्या पट्ट्या वर्षानुवर्षं ॲसिटिलकोलीनने उलट आवळत होत्या, कारण तयार करताना अस्तर घासून जात होतं. मग त्यांनी अस्तर खरवडलेली पट्टी अस्तर शाबूत असलेल्या पट्टीला आतल्या अंगाने चिकटवली, आणि खरवडलेलीही सैलावली! मला हा प्रयोग भयंकर आवडतो. 1980 साली हे छापून आलं, 1998 मध्ये नोबेल.

दुसऱ्या दिवशी मी कडं फक्त बाहेरून साफ केलं, आत काही घातलं नाही. ॲसिटिलकोलीन टाकलं आणि रेघ घसरली, पार खाली. मॅडम तेव्हा तासावर होत्या. दाखवायला कुणीच नव्हतं, म्हणून कागद फाडून त्यांच्या टेबलावर ठेवून आले.