लंकेतली थंडी

16 फेब्रुवारी, रात्री

परत येऊन दोन दिवस झाले तरी बॅगा सोप्यातच पडल्यात. आज निदान धुणं उरकलं. दोरीवर दोन जाडजूड स्वेटर बघून शेजारच्या काकींनी विचारलंच, "काय वो, लंकेला गेलतासा का काश्मीरला?"

चूक यांची. निघताना मी स्वेटर काढून ठेवलेले, तर म्हणाले, "लंका विषुववृत्ताला लागून आहे, घामानं भिजशील." कोलंबोत झालंही तसंच. पण कँडीहून रेल्वे वर चढायला लागली तशी एकेक खिडकी बंद होत गेली, आणि नानुओयाला उतरून रिक्षानं नुवारा एलियाला पोचेपर्यंत यांचे दात वाजत होते. 1,868 मीटर उंची! आपला पन्हाळा त्याच्या निम्म्यावर. गेल्या गेल्या बाजारात स्वेटर घेतले. एरवी मी भाव केल्याशिवाय कोथिंबीर घेत नाही, पण तिथं सांगितले तेवढे पैसे दिले.

लाल विटांचं जुनं पोस्ट ऑफिस पाहिलं. इंग्रज गव्हर्नर ग्रेगरीच्या काळात, 1873 साली केलेलं तळंही पाहिलं. हे म्हणाले, "रंकाळ्याची सर नाही." कोल्हापूरचा माणूस, दुसरं काय म्हणणार.

जवळच सीता एलिया. तिथं ओढ्याकाठी सीता अम्मनचं देऊळ आहे, हेच अशोकवन म्हणतात. खडकातले खळगे म्हणजे मारुतीची पावलं. खरंखोटं रामाला माहीत. मी मात्र स्वेटरमध्ये हात आखडून उभी होते आणि मनात एकच, ही बाई नेसत्या वस्त्रानिशी इथं राहिली कशी? लहानपणापासून इतकी कीर्तनं ऐकली. राक्षसिणी, अंगठी, सगळं आलं. थंडीचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाचा मळा. पूर्वी त्या डोंगरांत कॉफी होती. 1869 पासून तांबेरा पडला, कॉफी बसली आणि चहा आला. राबायला इंग्रजांनी तमिळ मुलखातून माणसं नेली, त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज पानं खुडतात. दव पडलेल्या झुडपांत कमरेला प्लास्टिकचं पोतं गुंडाळलेलं, पाठीवरच्या झोळीचा पट्टा डोक्यावरून घेतलेला. दोन पानं, एक कळी. हात इतके झरझर चालतात की बघणाऱ्याची नजर मागं पडते.

माझ्याच वयाची एक बाई थांबली. भाषा दोघींना कळेना. तिनं माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरून लोकर चोळून पाहिली, काहीतरी म्हणाली आणि खळखळून हसली. तिची बोटं पानांच्या चिकानं काळपट झालेली. अंगात तिच्या एक विरलेला शर्ट, साडीवरनं घातलेला.

आज धुताना दिसलं, बाहीवर दोन बोटांचा तपकिरी डाग राहिलाय. काकी म्हणाल्या, "लिंबू चोळा, जातंय."

स्वेटर तसाच घडी करून कपाटात ठेवला.