खाल्ल्या घरचे वासे

गेल्या मे महिन्यात गावचं घर उतरवलं, म्हणजे आख्खं घर नाही, फक्त छप्पर. वासे वाळवीने पोखरलेले आणि दर पावसाळ्यात माजघरात टोपं-बादल्या मांडत बसायचा सगळ्यांना वैताग आलेला, शेवटी भावकीत एकमत होऊन (ते कसं झालं हा वेगळा विषय आहे) निळे पत्रे घालायचं ठरलं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, पण सुताराला हिशेब हवा होता म्हणून मी चक्क मोजले. 64 भरले.

लहानपणापासून ऐकत आलोय की आमचं घर 1865 सालचं, पुरावा काय तर कौलावरच छापलंय. उतरवलेलं एक कौल उलटं करून हाताने माती पुसली, तर खरंच, इंग्रजीत बासेल मिशन टाइल वर्क्स आणि खाली 1865. घोळ एवढाच की ते साल कारखान्याचं आहे! स्वित्झर्लंडच्या मिशनवाल्यांनी 1865 ला मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला, तेच साल ते पुढे कौलांवर छापत राहिले आणि आम्ही त्यावर घराण्याचा मोठेपणा मिरवत राहिलो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांचा धंदा ताब्यात घेतला, म्हणजे आमची कौलं बहुतेक त्याच्या आधीची, पणजोबा मुंबईला गिरणीत लागले त्या सुमाराची. हिशेब जुळतो.

पैसा मात्र पुढच्या बाजूपुरताच आला असणार, कारण ओटीवर मंगलोरी आणि मागच्या पडवीवर, न्हाणीवर आपले कुंभाराचे नळे, जे दरवर्षी पावसाआधी परतायला लागायचे. मंगलोरी कौल खाचेत खाच अडकून बसतं, तसा नळा बसत नाही, माकड नाचून गेलं की सगळं घसरलं. आणि त्याच्याही मागचं म्हणजे चार-पाच जुन्या वाशांवर आडवे वळ होते, बोट फिरवलं की जाणवतील एवढे खोल. सुताराने बघून लगेच सांगितलं, सुंभाचे आहेत, पेंढ्याने शाकारलेल्या घराचे वासे तुम्ही परत वापरलेत. म्हणजे मोठेपणाच्या खाली गवताचं घर. मला तर बरंच वाटलं. जाताना तो कौलांच्या थप्पीकडे बघून म्हणाला, "असली कौलां आता गावची नाय हां."

पण मी अडकलो तो माजघराच्या वरच्या भागात. तिथे फुटक्या कौलांखाली पत्र्याचे तुकडे सारलेले, डबे कापून, ठोकून सपाट केलेले, एकूण 11. एकावर गंज खरवडल्यावर डालडाचं ताडाचं झाड दिसलं. आधीच्या दुरुस्त्यांमध्ये निदान दुसऱ्या कुठल्या कारखान्याचं का होईना पण कौल घातलंय, इथे सलग पत्रेच. काकांना विचारलं, हे कधीचं? ते म्हणाले, संपातलं. 1982 चा गिरणी संप, आजोबा आणि मोठे काका दोघंही घरी येऊन बसले होते म्हणे, मनिऑर्डर बंद. आमच्या घरात या वर्षांबद्दल कोणी कधी बोललेलं मला आठवत नाही, 1865 बद्दल मात्र कोणीही अर्धा तास बोलेल.

मी म्हटलं, काय डोकं लढवलंत, डालडाचा डबा संपला की छपराला. काका तुकडा उलटसुलट करत म्हणाले, "आपला कुठला डबा, आपल्याकडे तेव्हा डालडा कुठे होता, वाण्याकडून रिकामे मागून आणायचो मी."