मीठ वाढलंय

आमच्या फ्रिजच्या दारावर सामानाची यादी चिकटवलेली असते. सुचेल तसं ज्याने त्याने लिहायचं. परवा सकाळी मी लिहिलं, 'मीठ संपलं.' दुपारी पाणी प्यायला उठले तर 'संपलं'वर एक बारीक, सभ्य रेघ मारलेली आणि शेजारी सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरात, 'वाढलंय'.

संध्याकाळी मुलगा यादीचा फोटो काढून बाजारात गेला. डाळ आणली, साबण आणला, कोथिंबीरसुद्धा न विसरता आणली. मीठ नाही.

"अगं, वाढलंय असं लिहिलंय ना? मग कशाला आणू?"

मी वाटी घेऊन शेजारी निघाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त घड्याळाकडे पाहिलं. पावणेसात. तिन्हीसांजेला मीठ मागायचं नसतं आणि कुणी द्यायचंही नसतं. त्या रात्री आम्ही चौघांनी अळणी आमटी खाल्ली आणि कुणीही तिला नावं ठेवली नाहीत.

मी यातलं काही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. मांजर आडवं गेलं तर थांबते, पण ते मांजराला जाऊ द्यायला. पाल चुकचुकली तर 'कृष्ण कृष्ण' न म्हणता झाडू शोधते. पण घरात 'संपलं' हा शब्द ऐकला की माझ्याही कानाला खडा लागतो. वास्तू तथास्तु म्हणत असते ना! आमची वास्तू म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, शेजारचा मिक्सर लागला की आमची भांडी थरथरतात अशी. एवढ्या गोंगाटात तिला नेमकं 'संपलं' तेवढंच ऐकू जातं. लॉटरीचं तिकीट हातात धरून मी एकदा चांगलं खणखणीत बोलून पाहिलं होतं. तेव्हा ती गप्प.

आणि मग या एका बिचाऱ्या 'वाढणे'वर केवढा बोजा! दुकानदार रात्री दुकान वाढवतो म्हणजे बंद करतो. नारळ वाढवायचा म्हणजे फोडायचा. बांगडी वाढली म्हणजे पिचली, मंगळसूत्र वाढलं म्हणजे तुटलं, दिवा वाढवला म्हणजे अंधार. शिवाय पानात भात वाढायचा तो वेगळाच. मुलाला काय दोष देणार? लाइट मात्र सगळे बेधडक 'गेली' म्हणतात. विजेच्या तारा तथास्तुच्या कक्षेबाहेर असाव्यात.

माझी आजी, आईची आई, या बाबतीत फार कडक. राजापूरजवळच्या आमच्या आजोळी संध्याकाळनंतर सापाला साप म्हणायची बंदी होती. 'लांबडं' म्हणायचं, नाहीतर 'जनावर'. एकदा "न्हाणीघरात जनावर आलंय" अशी हाक ऐकून मुंबईचा मामेभाऊ गायीला घालायला म्हणून दुपारची उरलेली पोळी घेऊन धावला होता. खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आणि आजीच्या थोरल्या बहिणीच्या चेहऱ्यावर वण होते, त्यांच्याबद्दल बोलताना दोघीही आवाज खाली आणून "लहानपणी देवी आल्या होत्या" म्हणायच्या. आल्या होत्या, अनेकवचनी, आदरार्थी, जणू हळदीकुंकवाला. रोगाला रोग म्हटलं तर रागावेल, मान दिला तर लवकर जाईल. त्या शेवटी १९७७ साली देशातून अधिकृतपणे गेल्याचं जाहीर झालं. लस टोचून. तरी आजी 'गेल्या' म्हणायची नाही.

पण आजीची खरी पंचाईत वेगळीच. आजोबांचं नाव केशव. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, एरवी नाही. आता संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आम्हा नातवंडांना रांगेत बसवायची आणि शुभंकरोति झालं की 'आकाशात् पतितं तोयं' म्हणायची. सगळ्या देवांना केलेला नमस्कार शेवटी केशवाला पोचतो, असा तो श्लोक. आजी म्हणायची, "सर्वदेवनमस्कारः..." मग ओठ मिटून, मान किंचित डावीकडे कलवून एक विराम, आणि "...प्रति गच्छति." त्या विरामात आम्ही पोरं जोरात "केशवं" ओरडायचो. रोज. आजोबा ओटीवरून खाकरायचे.

मी एकदा विचारलं होतं, "आजी, तू नाव घेतलंच नाहीस तर तुझे नमस्कार जातात कुठे?"

"जातात बरोबर. त्यांना माहीत्ये घर."

सत्यनारायणाला भटजी 'केशवाय नमः'नं सुरुवात करायचे, तेव्हा ती हमखास काहीतरी आणायला आत जायची.

हे सगळं आपल्याच कोकणातलं खूळ असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. अळणी आमटीच्या दुसऱ्या दिवशी, मिठाचंच डोक्यात असताना, काल्मिक लोकांची आठवण झाली. ते चहात मीठ घालतात, एवढंच पूर्वी कुठेतरी वाचलेलं. विटेसारखा थापलेला चहा, दूध, लोणी आणि मीठ. दुपारभर मग त्यांच्याविषयीच वाचत बसले. व्होल्गा नदी कास्पियन समुद्राला मिळते तिथल्या गवताळ माळावरचे हे मंगोल वंशाचे पशुपालक. १७व्या शतकात पूर्वेकडून गुरंढोरं हाकत तिथवर आले, बौद्ध धर्म घेऊन आले. रशियातल्या त्यांच्या काल्मिकिया प्रजासत्ताकाची राजधानी एलिस्ता. चहा झाला की पहिला वाटा देवापुढे, त्याला ते 'देजी' म्हणतात. मग माणसांना. आलेला पाहुणा कितीही घाईत असो, चहाला ओठ लावल्याशिवाय त्याने जायचं नाही. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. रात्री नखं कापायची नाहीत. वाचता वाचता मला आजीचा आवाज यायला लागला.

त्यांच्यात लांडग्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो येतो आणि कळपात शिरतो. म्हणून त्याला 'आभाळाचं कुत्रं' म्हणायचं. त्यांच्या मंगोल भाऊबंदांत सापाला 'लांब किडा' म्हणतात. लांबडं! मी उठून सासूबाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "मग? दुसरं काय म्हणणार?"

आणि काल्मिक सुना. सासऱ्याचं, नवऱ्याच्या थोरल्या नातलगांचं नाव तर नाहीच घ्यायचं, पण त्या नावासारखा ऐकू येणारा रोजच्या वापरातला शब्दसुद्धा नाही. त्याच्या जागी दुसरा शोधायचा. म्हणजे सासरा दगडू असेल तर दगडालाही दगड म्हणायचं नाही. एकेका घरात सुनांची अशी स्वतंत्र बोली. आजी तिथे सहज रुळली असती, घोड्यावर बसायचं सोडलं तर.

२८ डिसेंबर १९४३ला या सगळ्या लोकांना, सुमारे ९३ हजारांना, स्टालिनच्या सरकारने गुरांच्या डब्यांत भरून सैबेरियात पाठवलं. ठपका शत्रूला साथ दिल्याचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांवर. वाटेत आणि तिथल्या थंडीत फार माणसं मेली. परतायला मिळालं १९५७ साली. इतके नेम पाळणाऱ्या, उंबऱ्याला पाय न लावणाऱ्या या लोकांच्या वास्तूने कुठल्या बोलण्याला तथास्तु म्हटलं होतं, कोण जाणे. मी ते पान मिटलं आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले.

घरातून निघताना मी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणते. फोनवर कुणी "बरं, जातो" म्हणालं की "येतो म्हण" असं तोंडातून निघूनच जातं. एकदा बँकेचं कर्ज विकायला फोन केलेल्या मुलालाही म्हणाले. हसला तो. मेसेजमध्ये 'निघते' लिहिते, ती एक पळवाट आहे.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा रात्री आई त्यांच्या उशाशी बसायची. सलाईनच्या बाटलीवर तिचा डोळा. एका पहाटे बाटलीतलं शेवटचं बोटभर पाणी उतरत होतं आणि आईला हाक मारायची होती, पण शब्द सापडेना. मी तिच्याकडे बघत होते. ती दारापर्यंत गेली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, बाटली वाढली."

सिस्टर चोविसेक वर्षांची, यवतमाळकडची. एका अक्षरानं न विचारता नवी बाटली घेऊन आली.

मीठ आणलं दुसऱ्या दिवशी. मी येताना एक किलो आणलं, मुलाने अपराधीपणाने दोन किलो आणलं, सासूबाईंनी खालच्या वाण्याला फोन करून आणखी एक मागवलं. आता मीठ खरोखरच वाढलंय. आणि हे यादीवर कसं लिहावं ते मला कळेना. शेवटी लिहिलं, 'मीठ खूप आहे, आणू नये.'

दुपारी पाहिलं तर 'नये'वर बारीक रेघ.